ध्वनिपट: कोणाचा हात मोजायचा हे ठरवणारा आकडा

हे प्रकरण कोणत्याही एका केंद्राची बखर नाही. स्पर्शाने वाजणारी साधने अपंग सहभागींसोबत बनवताना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या इथे एका गटाच्या प्रसंगात बांधल्या आहेत. माणसे कल्पित आहेत, बिघाड खरे आहेत.

गट आणि काम

प्रौढ अपंग व्यक्तींचे एक दिवस-केंद्र. सहभागी नऊ. त्यांतले चौघे बोलत नाहीत, तिघे व्हीलचेअरवर असतात, एक गृहस्थ कर्णबधिर आहेत. बरोबर केंद्रातल्या दोन काळजीवाहक ताई, एक संगीतकार, एक वस्त्रकलाकार, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा एक इंजिनिअर आणि नोंदी ठेवणारी एक संशोधक. करायचे काय, तर तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा कापडी पट. तो टेबलावर पसरायचा, सगळ्यांनी भोवती बसायचे आणि त्यावरच्या बारा ठिगळांना हात लावला की आवाज यावा. आवाज सहभागींनीच निवडलेले, त्यांनीच रेकॉर्ड केलेले. बोलता न येणाऱ्या माणसालाही गटात पुढाकार घेता यावा, एवढा साधा हेतू.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातले कलम ३० सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाविषयी आहे. अपंग व्यक्तींची सर्जनशीलता केवळ त्यांच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे, तर समाज समृद्ध होण्यासाठीही वापरात यावी, असे ते म्हणते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ध्वनिपट ही थेरपीची वस्तू नाही, ते वाद्य आहे. आणि वाद्य म्हटले की ते नीट वाजले पाहिजे. ‘त्यांना काय कळतंय, काहीतरी वाजलं की झालं’ या वृत्तीला इथे जागा उरत नाही.

अशा प्रकल्पांत तांत्रिक अडचणींची एक यादी आणि समावेशाच्या अडचणींची दुसरी यादी करायची रीत आहे. पहिली इंजिनिअरकडे जाते, दुसरी संशोधकाकडे. या प्रकरणात दिसते ते असे, की दोन्ही याद्यांतल्या बहुतेक ओळी एकच असतात. सेन्सरची संवेदनशीलता ठरवणारा आकडा हाच कोण गटात आणि कोण गटाबाहेर हे ठरवतो, आणि तो आकडा सहसा ज्याच्या हाती सोल्डरिंग गन असते त्याच्या बोटावर बेतलेला असतो.

पहिला पट

सुरुवातीला मेकी मेकीचा विचार झाला. वस्तूला हात लावला की संगणकाची कळ दाबल्यासारखा संकेत देणारा, २०१२ साली बाजारात आलेला हा बोर्ड वापरायला फार सोपा आहे, पण त्यात माणसाला सर्किट पुरे करावे लागते. एका हातात अर्थची तार किंवा मनगटाला तिचा पट्टा, दुसऱ्या हाताने स्पर्श. ज्याचा एकच हात चालतो, किंवा ज्याला मनगटाला काही बांधलेले सहन होत नाही, तो तिथेच गळतो. म्हणून कपॅसिटिव्ह स्पर्श निवडला, म्हणजे हात जवळ आल्याने विद्युतधारितेत पडणारा फरक मोजण्याची पद्धत. त्यात माणसाला कशाशीही जोडून घ्यावे लागत नाही.

सामान असे होते: बारा इलेक्ट्रोड, म्हणजे स्पर्श ओळखण्याच्या बारा जागा, हाताळणारी एमपीआर१२१ ही चिप बसवलेला छोटा बोर्ड, कोड चालवणारा रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड, आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी, चार ओहमचा एक स्पीकर आणि पॉवर बँक. पिको ३.३ व्होल्टवर चालतो आणि एमपीआर१२१ सुद्धा, त्यामुळे मध्ये व्होल्टेजची पातळी बदलणारे काही लागत नाही. पाच व्होल्टचा आर्डुइनो घेतला असता तर त्याची वेगळी काळजी घ्यावी लागली असती. डीएफप्लेअरच्या संदेश घेणाऱ्या, म्हणजे आरएक्स पायाशी १ किलोओहमचा रेझिस्टर घातला, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते.

ठिगळे आठ सेंटीमीटर चौरस वाहक कापडाची, वरून सुती कापड. ठिगळापासून चिपपर्यंत स्टेनलेस स्टीलचा वाहक दोरा. या दोऱ्याला सोल्डर चिकटत नाही, म्हणून दोऱ्याच्या टोकाला धातूची टिचबटणे लावून इलेक्ट्रॉनिक्स त्यांवर बसवले. फायदा असा की पट धुवायचा झाला की डबा टिचबटणांवरून उचकटून बाजूला ठेवता येतो. वस्त्रकलाकाराने इथेच दोन गोष्टींवर हट्ट धरला आणि तो बरोबर होता. दोऱ्याची गाठ मारल्यावर उरलेले टोक कापून त्यावर कापडाचा रंग लावायचा, कारण उसवलेला एक तंतू शेजारच्या ओळीला टेकला की दोन ठिगळे एकदम वाजतात. दुसरे म्हणजे चिप पटाच्या मधोमध ठेवायची. ठिगळाकडे जाणारा दोरा स्वतःच स्पर्श ओळखतो. तो फार लांब झाला की त्यावरून कोपर गेले तरी आवाज येतो.

मूठ

इंजिनिअरच्या टेबलावर बाराही ठिगळे चोख वाजत होती. केंद्रात पहिल्याच दिवशी तीन सहभागींच्या हाताखाली ती मुकी राहिली.

त्यांतल्या एका बाईंचा डावा हात कायम मुठीत असतो. त्या मुठीची पाठ ठिगळावर ठेवतात. उघड्या तळव्याच्या मानाने मुठीचा कापडाशी येणारा संपर्क फारच थोडा, त्यामुळे चिपला दिसणारा फरकही थोडा. या चिपसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडमध्ये, स्पर्श ओळखण्याची मर्यादा १२ आणि स्पर्श सुटल्याची मर्यादा ६ अशी आधीच भरलेली असते. चिप प्रत्येक इलेक्ट्रोडची विश्रांतीतली पातळी, म्हणजे बेसलाइन, लक्षात ठेवते. आत्ताचे वाचन तिच्याहून १२ ने खाली गेले तरच स्पर्श मोजते. बाईंच्या मुठीने सुती कापडावरून वाचन आठ-नऊने उतरत होते.

ताईंनी पहिल्या दिवशी जे केले ते कुठल्याही केंद्रात घडते. त्यांनी बाईंची मूठ हळूच उघडून तळवा ठिगळावर टेकवला. आवाज आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोंदवहीत ‘सहभाग घेतला’ असे लिहिले गेले. प्रत्यक्षात माणसाला यंत्रासारखे वळवले होते, आणि तेही दुखण्याचा धोका पत्करून.

दुरुस्ती तीन जागी लागली. ठिगळ पंधरा बाय वीस सेंटीमीटरचे केले, वरचे कापड पातळ घेतले आणि त्या ठिगळाची मर्यादा ६ व ३ वर आणली. ठिगळ वाटेल तेवढे मोठे करून भागत नाही. क्षेत्रफळ वाढले की टेबलाखालच्या तारांचा, शेजाऱ्याच्या मांडीचा गोंधळही त्यात शिरतो. आणि मर्यादा सरसकट उतरवली तर बाकीची ठिगळे भुतासारखी आपोआप वाजू लागतात. म्हणून प्रत्येक ठिगळाला वेगळी मर्यादा, हाच मार्ग आहे.

विजेचा पुरवठाही इथे आड आला. मर्यादा ठरवताना पट लॅपटॉपला जोडला होता, लॅपटॉप चार्जरवर होता. केंद्रात तो पॉवर बँकेवर चालला. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो, त्यामुळे तोच हात चिपला कमी जाणवतो. मर्यादा ज्या पुरवठ्यावर वापरायची, त्याच पुरवठ्यावर ठरवायची. पॉवर बँकेची आणखी एक खोड म्हणजे फार कमी करंट ओढला गेला की ती स्वतःला बंद करते. गट शांत बसला की पट झोपी जातो, आणि मग सर्वांत हळू माणसाने हात पुढे केला की नेमका त्यालाच तो मेलेला मिळतो. कमी करंटवरही चालू राहण्याची सोय असलेली बँक घ्यावी.

हळू येणारा हात

दुसरी अडचण जास्त खोल होती आणि ती सापडायला वेळ लागला. स्नायूंच्या ताठरपणामुळे एका गृहस्थांचा हात ठिगळापर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. पोचल्यावर तळवा पूर्ण टेकतो, वाचन चांगले पंचवीसने उतरते. तरीही आवाज नाही. मर्यादा ४ वर आणली तरी कधी येतो, कधी नाही. ताईंचा निष्कर्ष होता की त्यांचे हात कोरडे आहेत. संगीतकाराला वाटले की त्यांना त्या आवाजात रस नाही.

वाचन आणि बेसलाइन हे दोन्ही आकडे सेकंदाला दहा वेळा पडद्यावर छापल्यावर प्रकार कळला. हात जसजसा जवळ येत होता, तसतशी बेसलाइनही त्याच्यामागे खाली सरकत होती. हात टेकेपर्यंत दोघांतला फरक दोन-तीनचाच उरत होता.

चिप हे मुद्दाम करते. हवेतली आर्द्रता, तापमान, कापडाचा ओलसरपणा यांनी वाचन हळूहळू बदलत असते, आणि ते बदल स्पर्श म्हणून मोजले जाऊ नयेत म्हणून बेसलाइन त्यांच्या मागे मागे जाते. झटकन झालेला बदल म्हणजे माणूस, सावकाश झालेला बदल म्हणजे हवामान, असे त्या चिपचे गृहीतक आहे. या गृहस्थांना ती हवामान समजत होती.

उपाय रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या सेटिंगच्या खणांत आहे. बेसलाइन खाली जाण्याचा वेग एनएचडी, एनसीएल आणि एफडीएल या तीन आकड्यांनी ठरतो. पहिला एका पावलाची लांबी, दुसरा पाऊल टाकण्याआधी लागोपाठ किती वाचने लागतील ते, तिसरा वाचने घेण्यातली ढिलाई. पहिला कमी केला, उरलेले दोन वाढवले. हे आकडे चिप थांबलेल्या अवस्थेत असतानाच लिहिता येतात. आधी इलेक्ट्रोडचे नियंत्रण करणारे रजिस्टर शून्य करायचे, मग बदल करायचा, मग चिप पुन्हा चालू करायची. हे विसरले तर कोड बिनतक्रार चालतो आणि बदल मात्र होत नाही. अर्धा दिवस असा सहज जातो.

याची किंमत मोजावी लागते. बेसलाइन संथ झाली की हवामानाचे खरे बदलही तिच्या लवकर लक्षात येत नाहीत. घामाने कापड ओलसर झाले की एखादे ठिगळ स्पर्शातच अडकून राहते. म्हणून पटाच्या दोन्ही टोकांना मोठी, दाबली की खट्ट वाजणारी बटणे लावली. सगळ्यांनी हात उचलायचे, बटण दाबायचे, चिप नव्याने शून्यावरून मोजू लागते. हात ठेवलेला असताना दाबले तर तो हातच नवी बेसलाइन होतो आणि पुढे तिथे काही वाजत नाही. पट सुरू करतानाही हाच नियम. हे बटण ताईंच्या नव्हे, सहभागींच्या हाताशी ठेवायचे असे गटाने चित्रकार्डांवरून ठरवले. ‘सगळ्यांनी हात वर’ हा नंतर वादनातलाच एक ठरलेला क्षण झाला.

उलट टोकाला एक तरुण होता. त्याचा हात आपणहून ठिगळावर पडलेला असतो, तो उचलणे हीच त्याची ताब्यातली हालचाल. त्याच्यासाठी नियम उलटा केला. हात टेकला असताना शांतता, उचलला की आवाज. कोडमध्ये हा एका ओळीचा बदल आहे. तो सुचण्यासाठी मात्र त्या तरुणाकडे ‘हा काय करू शकत नाही’ असे न बघता ‘हा काय ठरवून करतो’ असे बघावे लागते, आणि ते ताईंना आधीपासून ठाऊक होते. पहिल्या बैठकीत त्यांना कोणी विचारले नव्हते, कारण ती बैठक ‘तांत्रिक’ होती.

हाताला कंप असलेल्या एका बाईंच्या ठिगळाला सुमारे ८०० मिलिसेकंदांचे कुलूप घातले. एकदा वाजल्यावर तेवढा वेळ पुढचे स्पर्श मोजायचे नाहीत. नाहीतर एका स्पर्शाचे पाच होतात आणि आवाज मशिनगनसारखा तुटत राहतो.

शेवटी हात लावेल त्याचा आवाज

डीएफप्लेअर स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तो एका वेळी एकच फाइल वाजवतो. नवी फाइल मागितली की चालू असलेली तुटते. एकट्याने वाजवायच्या खेळण्यात हे खपते. नऊ जणांच्या पटावर याचा अर्थ असा होतो, की ज्याचे हात सर्वांत चपळ त्याचाच आवाज ऐकू येतो. आठ सेकंद घेऊन पोचलेल्या गृहस्थांचा आवाज अर्ध्या सेकंदात शेजारचा कापून टाकतो. गटात भांडण दिसले, नोंदीत ‘आळीपाळीने वाजवण्याचे कौशल्य कमी’ असे लिहिले गेले. कौशल्य कोणाचे कमी? एका मॉड्यूलचे.

आळीपाळी शिकवण्याचा एक उपक्रम जवळजवळ सुरूच होणार होता. त्याऐवजी आवाजाचा मार्ग बदलला. १६ एमबी फ्लॅश, म्हणजे साठवणीची जागा, असलेला पिकोच्या जातीचा बोर्ड, अशा बोर्डांसाठीची सर्किटपायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा, त्यातला ऑडिओ मिक्सर आणि मॅक्स९८३५७ए हा डिजिटल अॅम्प्लिफायर. मिक्सरमध्ये प्रत्येक ठिगळाला स्वतःचा आवाज-मार्ग दिला, म्हणजे कोणीही कोणाला कापू शकत नाही. फाइली १६ बिट, मोनो, २२,०५० हर्ट्झच्या. अशा एका सेकंदाला ४४,१०० बाइट लागतात. बारा आवाज प्रत्येकी वीस सेकंदांचे धरले तर साडेदहा एमबीच्या आसपास होतात, म्हणजे बसतात. साध्या पिकोच्या २ एमबीत सर्किटपायथॉन स्वतः बसल्यावर वीस-पंचवीस सेकंदांचीच जागा उरते, तिथे हा बेत फसतो. एकाही फाइलचा नमुना-दर (इथे २२,०५० हर्ट्झ) वेगळा असेल तर मिक्सर ती वाजवायला नकार देतो. फोनवर रेकॉर्ड केलेले आवाज सरळ टाकले की हेच होते. सगळ्या फाइली आधी एका साच्यात करून घ्याव्यात.

सगळे एकदम वाजले की स्पीकर फाटतो. प्रत्येक मार्गाची पातळी ०.३ च्या आसपास ठेवली आणि फाइली तयार करतानाच समान मोठेपणावर आणल्या. अचानक मोठ्या आवाजाने काही जणांचे, विशेषतः सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचे, सगळे शरीर दचकून ताठ होते. त्यांच्या शेजारच्या ठिगळांचे आवाज ८० मिलिसेकंदांत हळू चढतील असे केले. पण ज्याला ‘मी हात लावला म्हणून वाजले’ हे जाणवायला हवे, त्याला चढ जितका कमी तितके बरे. दोघे शेजारी बसले की दोन्ही गरजा भांडतात. यावर कोडमध्ये उत्तर नाही. बसण्याच्या जागा बदलल्या.

एलईडीची पट्टी लावायचा बेत गटाला आवडला होता. ती लावली, पण स्थिर उजेडाची आणि सावकाश बदलणारी. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा उजेड अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकतो, आणि गटातल्या प्रत्येकाच्या तब्येतीची पूर्ण माहिती वाद्य बनवणाऱ्यांकडे नसते. ती असावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

कर्णबधिर गृहस्थांसाठी सहा मिलिमीटरच्या प्लायवुडच्या फळीखाली कंपन देणारा एक्सायटर चिकटवला आणि फळी त्यांच्या कोपराखाली ठेवली. त्वचेला कंपन सर्वांत चांगले जाणवते ते २५० हर्ट्झच्या आगेमागे. हजाराच्या वर जवळपास काही नाही. त्यामुळे बासरीचा आवाज त्यांच्यासाठी शून्य, दार आपटल्याचा आवाज मोठी मेजवानी. त्यांच्या फळीकडे जाणाऱ्या आवाजातले वरचे स्वर गाळून खालचे वाढवले. ‘कोणते आवाज पटात हवेत’ या चर्चेत त्यांचे मत तोवर कोणी मागितलेच नव्हते. नंतर त्यांनी निवडलेले तीन आवाज बाकीच्यांनाही सर्वाधिक आवडले.

गोड स्वरांचा सापळा

संगीतकाराचा पहिला प्रस्ताव भूपाच्या पाच स्वरांचा होता. सा, रे, ग, प, ध यांपैकी काहीही, कोणीही, कधीही वाजवले तरी कानाला खटकत नाही. सर्वांसाठीच्या वाद्यांत ही युक्ती इतकी रुळली आहे की तिच्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. विचारायला हवा. काहीही केले तरी गोडच वाटणार असेल, तर माणसाने काय केले याला अर्थ उरत नाही. बाई जोरात मूठ आपटोत की न आपटोत, खोलीत तोच सुखद धुरळा. पाहुण्यांना व्हिडिओ छान दिसतो. सहभागी मात्र थोड्या वेळाने हात काढून घेतात.

गटाने रेकॉर्ड करून आणलेले आवाज वेगळेच होते. नळाची धार, दार आपटणे, एकाचे खदखदून हसणे, चमच्यांचा खणखणाट, व्हीलचेअरचे ब्रेक. शेवटी सात ठिगळे अशी आणि पाच ठिगळे स्वरांची ठेवली. स्वरांपैकी एक मुद्दाम खटकणारा, तीव्र मध्यम. तो कोणाच्या हाताशी द्यायचा यावर चांगलीच ओढाताण झाली, म्हणजे त्याचे महत्त्व सर्वांना कळले होते.

होकार, नकार आणि फाइल क्रमांक सात

संमतीपत्रावर एकदा अंगठा किंवा सही घेऊन हे काम होत नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, मध्ये आणि रेकॉर्डिंगआधी पुन्हा विचारायचे. चित्रकार्डे वापरली तर ‘हो’ चे कार्ड नेहमी उजवीकडे ठेवू नये. जागा बदलून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा, आणि शक्य असेल तर उलटा करून: ‘आज थांबायचं का?’ सरळ आणि उलट्या अशा दोन्ही प्रश्नांना ‘हो’ आले तर तो होकार नसून सवयीची मान आहे. नजर वळवणे, अंग मागे घेणे, ठिगळावरचा हात ढकलून देणे यांना नकार म्हणून मोजायचे आणि कारण विचारत बसायचे नाही. प्रत्येकाच्या घरच्यांकडून ‘तो नको म्हणतो तेव्हा काय करतो’ याची एक पानभर नोंद आधीच घेऊन ठेवावी.

आवाज ही ओळख आहे. नाव काढून टाकले तरी हसणे ओळखू येते. खदखदून हसण्याचा आवाज सातव्या क्रमांकाच्या फाइलमध्ये होता. त्याच्या मालकाने काही आठवड्यांनी तो नको म्हटले. फाइल पुसली असती तर कोडला ती सापडली नसती आणि चालू वादनात पट बंद पडला असता. म्हणून त्याच नावाने एक सेकंदाची शांतता ठेवली, नंतर त्याने निवडलेला दुसरा आवाज. पण एका फाइलच्या किती प्रती असतात ते पाहा: रेकॉर्डिंग केलेला फोन, फोनचा क्लाउड, संगीतकाराचा लॅपटॉप, साच्यात आणलेली प्रत, बोर्डावरची प्रत, तिची सुटी प्रत, व्हिडिओतला आवाज. कोणती प्रत कुठे आहे याचा तक्ता पहिल्या रेकॉर्डिंगपासून ठेवला तरच ‘पुसले’ हा शब्द खरा ठरतो. व्हिडिओतला आवाज पूर्ण पुसता येत नसेल तर तसे आधीच, सोप्या शब्दांत सांगायला हवे.

मोजणी

सहभागींचे स्वास्थ्य मोजण्यासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. वॉरविक-एडिनबरोची चौदा विधानांची मोजपट्टी त्यांत फार वापरली जाते. पण ती स्वतः भरायची असते. न बोलणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याने भरली तर ते मोजमाप भरणाऱ्याचे होते. हसू मोजणेही धोक्याचे, कारण स्नायू ओढले गेल्यावर येणारा चेहरा हसल्यासारखा दिसू शकतो.

पटाने स्वतः ठेवलेली नोंद, म्हणजे कोणते ठिगळ किती वाजता किती वेळ, मोहक असते. तक्ते लगेच निघतात. पण कपॅसिटिव्ह चिपला हात कोणाचा ते कळत नाही. ताईंनी सहभागीचा हात धरून टेकवला तरी तो स्पर्श, ओल्या बाहीचा स्पर्श तोही स्पर्श, व्हीलचेअरची धातूची चौकट ठिगळावर घासली तर तोही. म्हणून प्रत्येक ठिगळाशेजारी कागदी नोंद ठेवली. तीनच खुणा: स्वतःहून, आधार देऊन, दुसऱ्याने. यंत्राची नोंद आणि कागद शेजारी ठेवल्यावरच त्या मुठीच्या बाईंचे सुरुवातीचे सगळे ‘स्पर्श’ आधार देऊन झालेले होते हे उघड झाले.

व्हिडिओवरून खुणा करणाऱ्या दोघांनी पाचवा हिस्सा तरी एकमेकांना न विचारता तपासावा आणि जुळणी कोहेनच्या काप्पाने, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वजा करणाऱ्या आकड्याने, पाहावी. जुळत नसेल तर बहुधा ‘स्वतःहून’ ची व्याख्या सैल आहे. इथे ती अशी घट्ट केली: हालचाल सुरू होण्याआधीच्या पाच सेकंदांत कोणी बोलावले नाही, खूण केली नाही, हात धरला नाही. आठ-दहा सेकंदांनी पोचणाऱ्या गृहस्थांसाठी घड्याळ हात टेकल्यापासून मागे नव्हे, हालचालीच्या सुरुवातीपासून मागे लावायचे. नाहीतर मोजणीतही चिपचीच चूक पुन्हा होते.

हस्तांतर

अनुदान संपले की इंजिनिअर जातो. पट तिथे राहतो, आणि पहिली तार सुटली की कपाटात जातो. हे टाळण्यासाठी प्रत्येक ठिगळाच्या मर्यादा, कुलूप, चढ, मोठेपणा आणि ‘टेकल्यावर की उचलल्यावर’ हे सगळे कोडबाहेर, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, मराठी शब्दांत ठेवले. सर्किटपायथॉनचा बोर्ड संगणकाला जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो. फाइल उघडायची, आकडा बदलायचा, साठवायचे. बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होतो. ‘इजेक्ट’ न करता केबल उपटली तर फाइली खराब होतात, म्हणून मूळ प्रत वेगळ्या कार्डावर डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवली.

डब्यात सुटे सामान: तयार कोड भरलेला आणखी एक बोर्ड, एक एमपीआर१२१, टिचबटणांच्या सहा जोड्या, पाच मीटर वाहक दोरा, दोन ठिगळांचे कापड, यूएसबी केबल दोन. चांदीचा मुलामा दिलेले वाहक कापड घामाने काळे पडते आणि त्याची वाहकता घटते. सुटे ठिगळ म्हणून तेच ठेवले असेल तर ते हवाबंद पिशवीत ठेवावे.

शिकवणी एका ताईंना दिली तर त्या रजेवर गेल्या की पट बंद. दोघींना दिली, आणि एका सहभागीलाही. कंप असलेल्या बाईंना आकडे वाचता येतात. मर्यादा बदलल्यावर प्रत्येकाला विचारत फिरण्याचे काम त्यांनी घेतले. त्यांच्या सांगण्यावरून दोन ठिगळांची संवेदनशीलता मुद्दाम कमी केली, कारण तिथल्या दोघांना आवाज येण्याआधी जरा जोर लावायला आवडते.

एक प्रश्न सुटलेला नाही. फळीखालच्या एक्सायटरचा अॅम्प्लिफायर वेगळ्या अडॅप्टरवर चालतो. तो जोडला की सगळ्या पटाचा जमिनीशी संबंध बदलतो आणि मुठीच्या बाईंचे ठिगळ अतिसंवेदनशील होते. सध्या टेक्स्ट फाइलच्या दोन प्रती आहेत, पहिली कर्णबधिर गृहस्थ आलेल्या दिवसाची, दुसरी ते न आलेल्या दिवसाची. दोन्ही उपकरणे एकाच बॅटरीवर आणली तर एक फाइल पुरेल, पण त्यासाठी मोठी बँक लागेल आणि मग डबा ताईंना एका हाताने उचलता येणार नाही.